भाव अजून चढणार होता

नूर महंमदच्या पत्राला झुलालनानांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं.

महायुद्धाच्या काळात कापड गिरणीच्या शेअरचे भाव रोज चढत होते. नानांनी ते शेअर बायकोच्या, भिकुबाईच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा खर्च निघावा म्हणून घेतले होते. खर्चापुरता नफा केव्हाच झाला होता, तरी उद्या आणखी मिळेल म्हणून नाना धुळ्याच्या वाचनालयात वर्तमानपत्रातले भावच वाचत बसले. शेवटी त्यांनी जळगावच्या आपल्या दलाल मित्राला, नूर महंमदला, विचारलं, कधी विकू?

उत्तर आलं, “नाना, उद्याचा भाव मलाही कळत नाही. भाभींना अजून किती दिवस अंधारात बसवणार?”

नाना ओशाळले. त्यांनी त्याच दिवशी शेअर विकले. महिन्याभरात भाव दीडपट झाला, तेव्हा वाचनालयातली मंडळी हसली, “नाना, वर्तमानपत्रं वाचून धंदा होतो का?” पण तोवर भिकुबाईची पट्टी सुटली होती आणि ती म्हणाली होती, “अहो, तुमचे केस केवढे पांढरे झाले!”

आभाराची कितीतरी पत्रं नानांनी लिहून फाडली. शब्द थिटेच वाटायचे. आज भिकुबाई वैतागली. “चार ओळींना वर्ष? लिहा, ‘तिला दिसतं.’ बस्स!”

नानांनी तेवढंच लिहिलं. धुळ्यातल्या देवपूरच्या टपालपेटीत पत्र तिनेच टाकलं, नानांचा हात न धरता.