खिळ्यावरचा दोडका

माझी बायको मल्लव्वा गेल्या श्रावणात वारली. तिनं बियाण्यासाठी वाळवलेला दोडका स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता. माघ संपत आला, परसात आळी खणून झाली, तरी तो फोडायला माझा हात धजेना.

"अप्पा, फोडा की," लेक शिवलीला म्हणाली. "बी जुनं झालं की उगवत न्हाय."

"बाजारातनं पाकीट आण. हा राहू दे."

"आणि याची काय पूजा करायची हाय? आई दरवर्षी फोडायचीच की."

मी दोडका काढून गुडघ्यावर मोडला. काळं बी धोतरात सांडलं. दोन आळ्यांत बी टोकलं आणि दमून खाली बसलो. उरलेलं शिवलीलानं टोकलं. मी बसल्या बसल्या पाणी घातलं.