मोरचुदातलं पाणी

मी मूस बोलतेय. चिनी मातीची, झाकणासकट लिंबाएवढी. माझं बोलणं संपेपर्यंत मधे तोंड घालू नका. जाळावर बसून आलेलीला आधी बोलू द्यावं.

भट्टीतच जन्मले मी. माझ्यासोबतच्या तिघी तिथल्या तिथे तडकल्या, मी टिकले. मग पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात घालून मला या शाळेच्या रसायनाच्या खोलीत आणलं. तेव्हापासून माझं काम एकच. पोटात पदार्थ घ्यायचा, बर्नरवर बसायचं, आणि त्यातलं किती उडालं ते काट्यावर खरं सांगायचं.

यालाही रीत आहे. तापवा, गार करा, तोला. पुन्हा तापवा, गार करा, तोला. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की मगच थांबा. पोरांना याचा भारी कंटाळा. एकदा तापवतात आणि दुसरा आकडा मनाने लिहून मोकळे होतात. त्यांना वाटतं मातीच्या भांड्याला काय कळतंय.

रीत पाळणारी एकच, मावशी. भांडी घासायला म्हणून आली त्याला वीस वर्षं झाली. शिक्षण चौथीपर्यंत, आवाज घंटेसारखा. तीन वर्षांपूर्वी इथले मदतनीस निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मग द्रावणं करायचं काम आपसूक मावशीकडे आलं. सरांनी चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा, मावशीने तोलायचं. तिचा हात असा की काटा शून्यावर येऊन थांबेपर्यंत ती श्वाससुद्धा बेताने घ्यायची.

यंदा सर नवे. मनुष्य वाईट नाही, पण सदा घाईत. पहिल्याच तासाला त्यांनी अणू समजावला. "अणू म्हणजे एवढं थोरलं मैदान समजा. मधोमध वाटाण्याएवढं केंद्रक, लांब कडेने इलेक्ट्रॉन, बाकी सगळं रिकामं."

मोरीपाशी भांडी विसळता विसळता मावशी म्हणाली, "मग वजन कुठं असतं, सर?"

"जवळजवळ सगळं त्या वाटाण्यात."

"आमच्या घरासारखंच म्हणा की. माणसं सात, ओझं एकीवर."

वर्ग हसला. तिची लेक याच वर्गात, तिने मान खाली घातली.

मग मोल. सर म्हणाले, अणू एकेक करून मोजत बसलात तर सात जन्म पुरायचे नाहीत, म्हणून ते तोलायचे. अंडी डझनाने, तसे कण मोलाने. एका मोलात सहावर तेवीस शून्यं एवढे कण. पण प्रत्येकाचा मोल वेगळ्या वजनाचा. पाण्याचा अठरा ग्रॅम, तांब्याचा साडेत्रेसष्ट. मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, त्यांनी फळ्यावर बेरीज करून दाखवला. तांबं ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजन ६४, मिळून १५९.५. बेरीज बरोबर होती. घोळ त्या बेरजेत नव्हताच.

सहामाहीच्या प्रात्यक्षिकाला सरांनी चिठ्ठी दिली, "मोरचूद, मोलाचा दहावा हिस्सा, १५.९५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात." मावशीने निळे खडे कुटले, चिठ्ठीबरहुकूम तोलले, द्रावण केलं. परीक्षेत चाळीस पोरांनी त्यातलं तांबं मोजलं. चाळीसही जणांचं कमी आलं, तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी.

सर तावातावाने आत आले. "मावशी, किती तोललंत?"

"पंधरा पंच्याण्णव."

"मी हिशेब करून आलोय. द्रावणात जेमतेम दहा ग्रॅम मोरचूद आहे. तुम्ही दहाच घातलात."

"दहा घातले असते तर दहा म्हणाले असते. मला कुणाची भीती आहे?"

सर थेट मोठ्या बाईंकडे गेले. चौथी शिकलेल्या बाईच्या हातात काटा दिला हीच आपली चूक, असं म्हणाले. सोमवारपासून मावशीने व्हरांडे आणि जिने झाडावेत, प्रयोगशाळेत पाऊल टाकू नये, असं ठरलं.

संध्याकाळी वर्ग रिकामा झाल्यावर लेक आली आणि हळूच म्हणाली, "आई, चष्मा लावला होतास ना गं?"

हे मात्र तिला लागलं. हातातली परीक्षानळी तिने जागेवर ठेवली. "आग लागो त्या चष्म्याला. घरी जा, भात टाक. मी येते."

लेक गेल्यावर ती कितीतरी वेळ फळ्याकडे बघत उभी राहिली. बेरीज अजून पुसलेली नव्हती. ओठ हलवत तिने वाचली. तांबं, गंधक, ऑक्सिजन. मग बरणीतला एक निळा खडा उचलून उजेडात धरला आणि माझ्याकडे वळली. "काय गं, तुझ्यात हा तापवला की तुझ्या झाकणाला पाणी धरतं ना? मग ते पाणी या बेरजेत कुठंय?"

मी काय बोलणार. पण वीस वर्षांत दरसाल माझ्या पोटात मोरचूद निळ्याचा पांढरा झालेला तिने पाहिला होता. कुणी समजावून सांगितलं नव्हतं, तरी घासताना बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. "झाडू घ्यायला माझी ना नाही. पण आधी दोन तास द्या आणि सरांना बसवा. खोटी ठरले तर जिने काय, छपरंही झाडीन."

मोठ्या बाई आल्या. सर घड्याळ बघत आले. लेकीला तिने काट्यापाशी उभं केलं. "आकडे तू वाच. माझा चष्मा नको."

मी रिकामी तोलली गेले. मग माझ्यात निळा मोरचूद घातला, बरोबर २.५० ग्रॅम. जाळ मंद ठेवला, कारण फार तापवला तर तो काळा पडतो. झाकणाला दव आलं, निळा फिकटत गेला, पांढरा झाला. सरांनी चिमटा उचलला. "चला, तोला लवकर."

"गरम भांडं काट्यावर हलकं भासतं, सर. पोरांना तुम्हीच शिकवता ना? बसा."

बंद कोरड्या बरणीत मला गार केलं. माझं रिकामं वजन वजा करून लेकीने वाचलं, "एक पूर्णांक त्रेसष्ट."

"पुन्हा."

"एक पूर्णांक साठ."

"पुन्हा."

तिसऱ्या खेपेला जाळावर माझ्या बुडाला बारीक तडा गेला. मला कळलं. पण आकडा हाती येईपर्यंत सुटायचं नाही, असं ठरवून मी अंग आवळून बसले. कणभरही सांडू दिलं नाही.

"एक पूर्णांक साठ," लेक म्हणाली. "आई, तोच आकडा."

मावशीने पदराला हात पुसले. "आता सोपं करून सांगते. आकडे शंभरपट धरा. अडीचशेतले एकशे साठ उरले, नव्वद उडाले. उडालं ते पाणी. पाण्याचा मोल अठरा. अठरा पंचे नव्वद. म्हणजे मोरचुदाच्या एका मोलामागे पाच मोल पाणी खड्यात दडून बसलेलं. सर, तुमचा एकशे साठ पांढऱ्याचा आहे. माझ्या बरणीत निळा आहे. निळ्याचा मोल अडीचशेचा."

सर उठले, फळ्यापाशी गेले. १५९.५ खाली त्यांनी ९० लिहिले, बेरीज केली. २४९.५.

"चाळीस पोरं एकदम सारखीच चुकतात कशी, हे मी आधी विचारायला हवं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "सर?"

"चूक माझी. मार्क दुरुस्त करतो." मग मावशीकडे न बघता, "दहा तोललेत म्हणालो, ते शब्द मागे घेतो."

"मागे घेऊ नका. मोठ्या बाईंच्या वहीत लिहा. तोंडी गेलेली अब्रू लेखी परत आलेली बरी."

सरांनी लिहिलं. मावशीने दोनदा वाचून घेतलं, अक्षर लावून लावून.

व्हरांडे आता दुसरं कुणी झाडतं. सर चिठ्ठी देतात आणि थांबतात. मावशी चिठ्ठी वाचते, बरणीतला पदार्थ बघते, मगच काट्याला हात लावते. कधी चिठ्ठी तशीच परत देते. परवा म्हणाली, "हा आकडा घरी न्या, झोप काढा आणि उद्या पुन्हा मांडून आणा."

माझं म्हणाल तर मी जाळाला निकामी झाले. त्या दिवसाचा पांढरा मोरचूद अजून माझ्या पोटात आहे. झाकण उघडं असतं, त्यामुळे तो हवेतलं पाणी पीत कडेकडेने निळा होत चाललाय. जाळाने त्याचं पाणी काढलं, पण तांब्याच्या अणूतल्या वाटाण्याला त्याचा धक्काही लागला नाही.

नवी मूस आलीय, माझ्याहून पांढरीफेक. तिला ओली जाळावर ठेवू नका. आणि आकडा जुळेपर्यंत तापवा. दोनदा, तीनदा, लागलं तर चारदा. आम्ही बसतो. कंटाळा तुम्ही करायचा नाही.