व्हर्नाच्या पितळी क्लिपा

सकाळपासून व्हर्ना टॉलेफसननं कॉफीचा कप तीनदा उचलला आणि तीनदा तसाच खाली ठेवला. राज्याच्या पाणी खात्याच्या तळघरात ती एकतीस वर्षं नगरपालिकांच्या सांडपाणी परवान्यांचं दफ्तर सांभाळत होती. तिच्या धाकानं तिथले उंदीरसुद्धा कागद कुरतडायचे ते तारखेच्या क्रमानं.

घोर लावला होता सव्वानऊच्या फोननं. पिकरेल क्रीक गावच्या सांडपाणी केंद्राचा लीलँड बोलत होता.

"व्हर्ना, आज दोनला सुनावणी आहे. मासेमारी क्लबवाले म्हणतात, आमच्या परवान्याची मुदत अठ्ठ्याण्णव सालीच संपली. वीस वर्षं आम्ही नदीत चोरून पाणी सोडतोय म्हणे."

"मुदत संपली म्हणून परवाना मरत नाही. तुम्ही नव्यासाठी वेळेत अर्ज केला होता. त्याचा निकाल लागेपर्यंत जुनाच चालतो."

"ते मला ठाऊक आहे गं. पण जजना त्या अर्जाच्या पोचेवरचा शिक्का बघायचाय. आमची प्रत पुरात गेली. तुझी घेऊन ये, नाहीतर उद्यापासून अख्ख्या गावानं संडासला जायचं कुठे?"

व्हर्ना फडताळाशी गेली. फाइलीच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. सोमवारी नष्ट करायच्या खोक्यांची यादी आली होती. मुदत संपून दहा वर्षं झाली की फाइल भुगा करायला यंत्रात जायची. अर्ज पडून असलेल्या फाइलींना मात्र ती हिरवी फीत बांधायची, म्हणजे त्यांना हात लावायचा नाही. सोमवारी तिनं नुसत्या तारखा वाचल्या आणि चाळीस खोक्यांवर सही ठोकली. फिती बघायला उठलीच नाही.

भुग्याचं यंत्र दोन रस्ते पलीकडे, सरकारी शेडमध्ये. व्हर्ना पळत सुटली. तिला पळताना एकतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. वाटेतला सिग्नलसुद्धा बावचळून हिरवा झाला.

शेडमध्ये यंत्र चालवणारा ओरिन बसला होता, पक्कड घेऊन. पायाशी पितळी क्लिपांनी भरलेली बादली.

"ये, ये. तुझीच आठवण काढत होतो. चांगल्या शब्दांत नाही."

"यंत्र बंद कर."

"चालू कधी असतं? धातू गेला की दात मोडतात त्याचे. क्लिपा लावू नका म्हणून तीनदा हुकूम निघाला. अख्ख्या खात्यानं ऐकला, तू सोडून."

"सुटे कागद ठेवले तर अर्ज एकीकडे जातो नि पोच दुसरीकडे. किती खोकी झाली?"

"दोन दिवसांत सहा. दुसऱ्या कुणाचे कागद असते तर कालच भुगा करून घरी गेलो असतो."

पिकरेल क्रीक सातव्या खोक्यात होतं. खोकं रिकामं होतं. कागद यंत्राच्या तोंडाशी, क्लिपा काढून, नीट रचून ठेवलेले. व्हर्नानं गठ्ठा उपसला. ओरिननं गठ्ठ्याची दुसरी बाजू धरली. तळापासून चौथा कागद पोचेचा निघाला. त्यावर ठसठशीत शिक्का, कोपऱ्यात क्लिपेचा हिरवट डाग.

दोनला दहा मिनिटं कमी असताना तो कागद जजच्या टेबलावर पडला. जजनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली. परवाना जिवंत ठरला. लीलँडनं तिला मिठी मारली आणि घरी भाजलेल्या आंबटगोड रूबार्ब-पेस्ट्रीचा डबा हातात दिला.

चारला ती पुन्हा शेडमध्ये आली. डबा उघडलाच नव्हता.

"ओरिन, फाइलींवर हिरव्या फिती होत्या?"

"होत्या चार. छान वाटल्या म्हणून ठेवल्यात." त्यानं भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं.

चारांतली एक पिकरेल क्रीकची. उरल्या तीन. त्यांची गावं पहिल्या सहा खोक्यांत होती, आणि सहा खोक्यांचा भुगा पोत्यांत होता.

यादीत त्या खोक्यांपुढे वीस गावांची नावं होती. त्यांतली तीन कुठली, हे फितींवर लिहिलेलं नव्हतं. व्हर्नानं पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि शेडमधला फोन ओढला.

"हॅलो, पाणी खात्यातून व्हर्ना. परवान्याच्या अर्जाची तुमची पोच जागेवर आहे ना? नाही, सहज विचारतेय." ती थांबली. बादलीतली एक क्लिप तिच्या हातात आली होती. "सहज नाही. चूक झालीय, आणि ती माझी आहे. कपाट उघडा, मी फोन धरून थांबते."