आत्याच्या जागी उभं राहून

आत्या ही एक घोडी होती. राखाडी रंगाची, चोवीस वर्षांची, आणि बारीकसारीक कारणावरून रुसणारी. हाक मारली की मान फिरवायची, आणि आपण पाठ वळवली की हळूच येऊन खिशात नाक घालायची. म्हणून तबेल्यात शिकायला येणाऱ्या मुलांनीच तिला आत्या करून टाकलं होतं. त्या मुलांची पुढे लग्नं झाली, त्यांची मुलं शिकायला आली, तरी आत्या ती आत्याच राहिली.

तबेला ज्यांचा, त्या घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई बुधवारी सकाळी काकांच्या गॅरेजमध्ये आल्या. पिकअपच्या मागे घोडे न्यायचा ट्रेलर जोडलेला होता. त्यात दोन घोडे शेजारी शेजारी उभे राहतील असे दोन कप्पे होते. दोन्ही आज रिकामे.

"काका, रविवारी तबेल्याची जागा सोडायची आहे," बाई म्हणाल्या. "बाकीचे घोडे बहिणीच्या शेतावर पोचले. आत्या राहिली. ट्रेलर दिसला की चार पाय रोवून उभी राहते."

"का बरं?"

"मागच्या वर्षी हिला घेऊन उतारावरून येत होते. वळणावर ट्रेलर हेलकावला आणि ही पुढच्या गुडघ्यांवर पडली. तेव्हापासून नाही म्हणजे नाही."

"मग गुंगीचं औषध द्यायचं."

"डॉक्टर नको म्हणतात. हृदय थकलंय तिचं. चाळीस किलोमीटर चालवत न्यावं तर तेही झेपणार नाही. स्वतः होऊन चढली आणि शांत उभी राहिली, तरच न्यायचं." बाईंनी गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "नाहीतर म्हणाले, इथेच इंजेक्शन देऊ. शेवटचं."

काकांनी डोळे मिटले. कामाला हात लावण्यापूर्वी ते नेहमी क्षणभर डोळे मिटत. कुणाचं नाव घेत ते त्यांचं त्यांना आणि देवाला माहीत. आज जरा जास्त वेळ मिटले.

"झोप लागली का?" गल्ल्यावरून काकूंनी विचारलं. सुट्या भागांचं दुकान त्या सांभाळत, आणि जमेल तितके काकांनाही.

"वजन आणा," काका डोळे उघडत म्हणाले. "आत्या किती किलोची?"

"साडेचारशे."

शेजारच्या गोदामातून खाद्याची पन्नास पन्नास किलोची नऊ पोती आणून ट्रेलरच्या डाव्या कप्प्यात रचली, पट्ट्यांनी आवळली. आता पिकअपची मागची बाजू चांगली चार बोटं खाली बसली आणि तोंड वर झालं, एखाद्या माणसाला मागून कुणी सदरा धरून ओढावं तसं.

"हे बघा," काका उकिडवे बसून म्हणाले. "तुमच्या गाडीचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, थकलेत. ट्रेलरचं नाक खाली गेलंय, म्हणजे आतली जमीनही पुढे उतरती झाली. आत्या आधीच उतारावर उभी, त्यात रस्ता उताराचा. पडणार नाही तर काय करणार बिचारी?"

"मग?"

"पाट्यांवर हवेचे फुगे बसवू. जाड रबराचे असतात. ॲक्सल आणि चासीच्या मध्ये बसतात. ओझं लागलं की हवा भरायची, ओझं उतरलं की कमी करायची."

"म्हणजे गाडी जास्त वजन ओढेल?"

"अजिबात नाही. गाडीची ताकद आहे तेवढीच राहते. फक्त पाठ सरळ होते."

काम दुपारपर्यंत चाललं. ट्रेलर सोडून बाजूला लावला, पिकअप जॅकवर घेऊन खाली घोड्या लावल्या. ('घोड्या' म्हणजे लोखंडी तिकाटणी. काकू म्हणाल्या, "चला, या तरी मुकाट्याने उभ्या राहिल्या.") चासीखालचे जुने रबरी ठोकळे काढले, त्या जागी दोन्ही बाजूंना एकेक फुगा बसवला. हवेच्या नळ्या काकांनी धारदार पात्याने सरळ कापल्या, सायलेन्सरपासून लांब फिरवल्या, जागोजागी बांधल्या. दोन फुग्यांच्या दोन वेगळ्या नळ्या, आणि त्यांची तोंडं मागे नंबरपाटीजवळ. मग हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही.

ट्रेलर पुन्हा जोडला. काका हवा भरत गेले तशी गाडीची मागची बाजू उचलत गेली. एक बोट, दोन बोटं, चार. चारावर थांबायला हवं होतं. पण काकांची एक खोड होती. आपल्या गॅरेजमधून निघालेली गाडी रस्त्याने ताठ गेली पाहिजे, बघणाऱ्याने विचारलं पाहिजे, कुणी केली म्हणून. त्यात आत्यासाठी मनात माया. त्यांनी आणखी वीस पौंड हवा मारली.

"जरा जास्तच वर नाही वाटत?" काकूंनी विचारलं.

"राहू दे. म्हातारीला जास्तीचा आधार."

गुरुवारी तबेल्यात डॉक्टरही आले होते. बाईंनी आत्याच्या मानेवर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटत तिला फळीवरून वर नेलं. एक पाय, दुसरा पाय, मग बराच वेळ काही नाही, आणि एकदम ती पूर्ण आत गेली. मागचा दांडा लावला, फळी वर घेतली. काका गाडी चालवायला बसले आणि पिकअप अगदी माणसाच्या चालीने निघाली.

अंगणाच्या पहिल्याच वळणावर आतून धाड धाड आवाज आला. गाडी थांबेपर्यंत आत्याने मागच्या दांड्यावर अंग टाकून लाथांचा मारा सुरू केला होता. बाहेर काढली तेव्हा पोट घामाने काळं पडलं होतं आणि नाकपुड्या थरथरत होत्या. डॉक्टरांनी तिच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे तपासायची नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं.

"अजून एकदा बघू," ते बाईंना हळू म्हणाले. "शनिवारी. तेव्हाही असंच झालं तर मी पुन्हा चढवू देणार नाही. हाल होतात हो तिचे."

बाईंनी मान हलवली आणि आत्याचं अंग पुसायला घेतलं. पुसून झालेलं अंग त्या पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

काका घरी आले ते फणफणतच. "गाडीत काडीची खोट नाही. नळी नाही गळत, फुगा नाही घासत. घोडीच भित्री आहे, त्याला मी काय करू?"

"तिला कसं वाटलं ते विचारलंत का?" काकूंनी ताट वाढत म्हटलं.

"घोडीला विचारू?"

"पस्तीस वर्षं गाड्यांच्या खाली निजलात. एकदा वर चढून बघा की. त्या जनावराला तोंड असतं तर तुम्हाला चांगलं सुनावलं असतं."

काकांचा हात घासापाशी थांबला. देवाने जनावराला बोलायला दिलं नाही. ते काम बहुधा आपल्यावर सोपवलं असावं, आणि आपण ते विसरून बसतो.

शुक्रवारी सकाळी काकांनी बाईंना पिकअप आणि ट्रेलर गॅरेजच्या मागच्या मोकळ्या पटांगणात आणायला सांगितलं. डाव्या कप्प्यात पोती तशीच रचली. उजव्या कप्प्यात काका स्वतः शिरले आणि हातापायांवर उभे राहिले.

"अगं बाई!" काकू फळीपाशी येऊन म्हणाल्या. "नातवंडांनी किती वेळा म्हटलं, आजोबा, घोडा घोडा करा. तेव्हा कंबर दुखत होती."

"तू गप्प बस. बाई, चला. गुरुवारी मी चालवली तशीच चालवा. आणि मी ओरडलो की थांबा."

गाडी निघाली. काकांनी डोळे मिटले. पहिली गोष्ट कळली ती तळहातांना. जमीन सपाट नव्हती, पुढे चढत होती. अंगाचा सगळा भार मागे गुडघ्यांवर येत होता, आणि पुढचे हात हलके, बिनकामाचे वाटत होते. मग एक लहानसा खड्डा आला आणि पुढून असा दणका बसला की दात दातांवर आपटले. फुगे इतके टणक झाले होते की खड्डा जसाच्या तसा आत येत होता. आणि वळण आलं. ट्रेलरचं नाक वर होतं, त्यामुळे मागचा भाग डावी-उजवीकडे डुलला, एकदा, दोनदा, तीनदा. काका घसरत घसरत मागच्या दांड्याला जाऊन टेकले.

त्याच दांड्याला. मान वळवली, तर आत्याने लाथा मारल्याच्या खुणा त्यांच्या नाकासमोर होत्या.

"थांबा!" ते ओरडले.

बाई धावत मागे आल्या. "लागलं का काका?"

काका हातापायांवरच होते. "मी आणखी वीस पौंड हवा मारली," ते म्हणाले. "गाडी ताठ दिसावी म्हणून. आधी म्हातारी पुढे घसरत होती, मी तिला मागे घसरवली." मग त्या खुणांवर हात फिरवत, "ती भित्री नाही हो. तिने खरं तेच सांगितलं."

काकू टोमणा न मारता नंबरपाटीजवळच्या नळ्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ही त्यांची मोठी कृपा.

"दोन्ही तोंडांतून पाच पाच पौंड सोडा," काकांनी सांगितलं.

फुस्स झालं. बाईंनी गाडी फिरवली. "अजून पाच!" पुन्हा फुस्स, पुन्हा एक फेरी. "अजून!" तिसऱ्या फेरीला भार पुढे आला, पण जरा दणका होताच. चौथ्या फेरीला काकांचे हात आणि गुडघे सारखेच दुखायला लागले. त्यांना मनापासून आनंद झाला. तळहाताखालची जमीन शांत झाली होती. वळणावर ट्रेलर थोडा कलला आणि आपला आपण सरळ झाला, जसं कुणी जड बादली नीट धरून वळावं.

"हीच!" ते आतून ओरडले. "ही हवा लिहून ठेवा!"

"लिहिली," काकू म्हणाल्या. "आता उतरता, का गवत टाकू?"

उतरल्यावर काकांनी टेप लावून मोजलं. गाडी मागे बिनओझ्याच्या उंचीपेक्षा अर्धं बोट खाली होती. लांबून बघितलं तर पाठ जराशी वाकल्यासारखी दिसत होती. काकांचा हात सवयीने हवेच्या नळीकडे गेला, आणि त्यांनी तो खिशात घातला.

शनिवारी सकाळी काका डॉक्टरांच्या आधी तबेल्यात हजर होते. आत्या ट्रेलरपाशी आली आणि थांबली. बाईंनी ओढलं नाही. काका उजव्या कप्प्यात जाऊन उभे राहिले, या वेळी दोन पायांवर, हातात मूठभर गवत.

"ये गं आत्या," ते म्हणाले. "चुकलं माझं. आता मी बघून आलोय."

आत्याने मान फिरवली. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं नाही, हे काकांनी पाहून ठेवलं. मग फळीवर एक खूर वाजला. दुसरा वाजला. आणि राखाडी नाक येऊन काकांच्या खिशात शिरलं.

बाईंनी अंगणात गाडी अगदी सावकाश फिरवली. काका आत्याच्या शेजारी, मधल्या फळीवर हात टेकून उभे. वळण आलं. आत्याचे कान मागे गेले, मागचे पाय फाकले, आणि काकांनी मधली फळी घट्ट धरली. ट्रेलर कलला. सरळ झाला. आत्याने एक लांब फुरफुर सोडली आणि जाळीतलं गवत ओढून चावायला लागली.

गाडी थांबली, फळी उघडली. डॉक्टर आत डोकावले, क्षणभर ऐकलं. या वेळी त्यांना नळी लावावी लागली नाही. ते नुसतं चावणं ऐकत होते. "घाबरलेलं जनावर खात नाही," ते म्हणाले. "न्या हिला."

काका उतरले. बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि जोरजोरात हलवले.

"तिकडे ट्रेलर सोडला की हवा कमी करा," काका घाईघाईने म्हणाले. "पण पूर्ण सोडू नका, थोडी ठेवा. नाहीतर रबर दुमडून फाटेल. आणि वळण लांबून दिसलं की आधीच हळू व्हा."

पिकअप फाटकातून बाहेर पडली. रस्ता शंभर पावलांवर डावीकडे वळत होता. काका आणि काकू फाटकाशी उभे राहून बघत राहिले. गाडी वळणाला लागली, हळू झाली, ट्रेलर जरासा कलला, सरळ झाला, आणि न थांबता दिसेनासा झाला.

"गाडी मागे जरा वाकलेलीच दिसते," काकू म्हणाल्या.

"दिसू दे," काका म्हणाले, आणि केसांतलं गवत झटकलं.