रेघेवरचं घर

मी एक जुनी सारणी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, तसं समजून कोणी अंगचटीला येऊ नये. कागदावर मी कधीच नव्हते. लोणखेड्याच्या हेमांगीने मला तिच्या लॅपटॉपात, साध्या मजकुराच्या फाईलीत मांडलं. रंग नाही, नक्षी नाही. उभ्या रेघा, आडवी एक रेघ, आणि मधल्या खणांत भाऊबंदांच्या घरांची नावं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. गुणाकार मला येत नाही. पण माझ्या खणात कोण काय टाकून जातं ते मला बरोबर कळतं, आणि बहुतेक वेळा शिसारीच येते.

माझा जन्म कानबाईसाठी झाला. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते आणि भाऊबंदांचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, होतात. त्याच्या आदल्या दिवशी, ज्या घरी कानबाई बसायची असते तिथे सगळे जमतात आणि गहू मोजतात. आमच्या भाऊबंदांत माप ठरलेलं आहे, माणशी सव्वा वाटी. एकेका घराचं नाव पुकारतात. नाव आलं की त्या घरची मोठी बाई उठते आणि आपल्या हाताने गहू मापून परातीत ओतते. ज्या घराचं नाव पुकारलं नाही, ते घर भाऊबंदांत नाही. इतकं ते साधं आहे आणि इतकंच कडक.

कानबाई बसते हेमांगीच्या सासूबाईंकडे, गजराबाईंकडे. पूर्वी हिशेब तोंडी चालायचा आणि परातीपेक्षा भांडणच मोठं व्हायचं. म्हणून हेमांगीने मला घडवलं. माझ्या डोक्यावर तिने नाव लिहिलं, ‘रोट’. माझ्या पायाशी, त्याच फाईलीत, तिने कोड बसवला. त्याला घरची चक्की समजा. त्याच्याजवळ स्वतःचा दाणाही नसतो. हेमांगीने ‘चाल’ म्हटलं की तो मला ‘रोट’ म्हणून हाक मारतो, मी माझ्या ओळी त्याच्या पदरात टाकते, तो दर घराची माणसं सव्वाने गुणतो आणि कोणत्या घराच्या किती वाट्या ते खाली मांडून देतो.

नियम एकच. माझ्या सगळ्यात वर मथळा असतो, ‘घर’ आणि ‘माणसं’. त्याच्याखाली आडवी रेघ. कोड रेघेच्या वरचं काही घेत नाही. रेघेच्या वरचं नावापुरतं, रेघेच्या खालचं मोजणीचं.

चांगले दिवस होते ते. कोणाकडे पोरगा झाला की हेमांगी माझ्यातला आकडा वाढवायची. कोडला हात लावायची गरजच पडत नसे. गजराबाई चारचौघींत माझ्याकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, “हाई बाई कधी चुकत नही.” मी उभ्या रेघांत आणखी ताठ व्हायची.

मग हेमांगीचा नवरा ललित मला हात लावू लागला, आणि माझ्या नशिबाला चिवडा लागला.

खरंच चिवडा, मित्रांनो. तेलकट बोटांनी तो कळा दाबायचा. माणसांच्या खणात नुसता आकडा लिहायचा असतो, तर हा लिहायचा, ‘५, पण धाकला सुरतला शे.’ आता सुरतेला सव्वाने कसं गुणायचं? कोड ठसकायचा, आणि ललित कोडलाच शिव्या द्यायचा. त्याची चुलत वहिनी शीला त्याहून वरची. ती पडद्याचा फोटो काढून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकायची. त्या फोटोत माझ्या अंगावर छताचा पंखा फिरताना दिसायचा. फोटोतून मी कोडच्या पदरात काय टाकू, माझं कपाळ? पण फोटो पाहून अंगठे उठायचे आणि सगळे खूश. मला बघवायचं नाही.

तरी तिथवर नुसती घाण होती. यंदा पाप झालं.

हेमांगी कॉलेजच्या परीक्षांच्या कामात अडकली होती, म्हणून माझी जबाबदारी ललितवर आली. गजराबाई बाजूला लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे मान वळवली.

“ललित, बाईसनं घर खाले काबरं शे? ते मोठं घर शे. सगळास्ना वर लिख.”

बाई म्हणजे धनुबाई, गजराबाईंच्या थोरल्या जाऊ, ललितच्या मोठमाय. त्या धानोऱ्याला राहतात. भाऊबंदांत त्यांचं घर थोरलं, त्यामुळे गजराबाईंचं म्हणणं रास्तच होतं. पण ललितने काय करावं? त्याने माझा मथळा पाहिला आणि हसला.

“‘घर’ नि ‘माणसं’. हाई काय मोठमायपेक्षा मोठं शे का?”

आणि मथळा पुसून टाकला. त्या जागी धनुबाईंची ओळ आणून बसवली. रेघ तशीच ठेवली. वर मोठमाय, खाली रेघ, मग बाकीची घरं. देवाचं नाव वर लिहून खाली रेघ ओढतात ना, तसा त्याचा थाट.

“देख माय, कशी गादीवर बसाडी.”

“आते शोभस,” गजराबाई म्हणाल्या.

त्याने कोड चालवला. कोडने धनुबाईंना मथळा समजून बाहेर ठेवलं आणि बाकीच्यांचा हिशेब करून दिला. सुरतेवर ठसकणारा हा मेला, एवढं थोरलं घर उंबऱ्याबाहेर राहिलं तरी हूं की चूं केलं नाही त्याने. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी दोघांची आई-माई काढली असती. ललितने खाली पाहिलंच नाही. वर नाव झळकतंय ना, झालं.

गहू मोजायच्या दिवशी धनुबाई धानोऱ्याहून आल्या. भाजीसाठी भलंमोठं गंगाफळ, म्हणजे तांबडा भोपळा, काखेत. पदर खोचला, वाटी हातात घेतली आणि परातीजवळ बसल्या, कारण यंदा पहिलं नाव त्यांचंच, असा गजराबाईंचा निरोप होता. शीला कोडने दिलेल्या हिशेबाची छापील प्रत घेऊन वाचू लागली. एक नाव झालं, दुसरं झालं. धनुबाईंची वाटी हातातच. बायका उठत होत्या, गहू ओतत होत्या, आणि एकमेकींकडे बघेनाशा झाल्या होत्या. शेवटचं नाव वाचून शीला थांबली.

“झायं?” धनुबाईंनी विचारलं.

“हां, मोठमाय. यामा इतलंच शे.”

धनुबाईंनी वाटी जमिनीवर पालथी घातली.

“मन्हं घर काढी टाकं का? पहिले सांगनं व्हतं. इतलं मोठं गंगाफळ काबरं आनं मग मी?”

त्या गंगाफळ उचलून उठल्या. गजराबाईंचा चेहरा उतरला. थोरली जाऊ कानबाईच्या दारातून रोटाविना परत गेली, तर ते घर पुन्हा जोडलं जात नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

“बाई, थांबा. ललित, काय करं रे तू?”

ललित लॅपटॉप घेऊन धावत आला आणि माझ्यावर बोट आपटलं. बोट तेलकटच. “माय, मी ते सगळास्ना वर लिखेल शे. देख, मोठमाय, तू सगळास्ना वर शे.”

धनुबाईंना वाचता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“वर शे मी. आनि मन्हा गहू कोठे शे?”

तेवढ्यात हेमांगी कॉलेजातून आली. तिने मला पाहिलं, मग रेघ पाहिली, मग नवऱ्याला.

“आठे मथळा व्हता. कोठे गया?”

“काढी टाका. मोठमायना डोकावर त्याले काबरं ठेवू?”

“रेघना वर जे ऱ्हास ते मोजामा येत नही,” हेमांगी म्हणाली. “तुम्ही मोठमायले मथळा करी टाकं.”

धनुबाई दारातच उभ्या होत्या, गंगाफळ पोटाशी धरून.

“म्हणजे मान दिधा नि पोटले मार दिधा,” त्या म्हणाल्या. “पोरी, वर बसाडीसन उपाशी ठेवापेक्षा मले खाले बसाड. पन मोज.”

हेमांगीने मथळा पुन्हा वर लिहिला. त्याखाली रेघ ठेवली आणि रेघेच्या लगेच खाली धनुबाईंची ओळ आणली. कोड चालवला. या खेपेला हिशेबाची पहिलीच ओळ धनुबाईंची आली.

गजराबाईंनी कोणाला विचारलं नाही. परातीतला मोजलेला सगळा गहू परत गोणीत ओतला. “पहिलेपाईन,” त्या म्हणाल्या. शीलाने पुन्हा वाचायला सुरुवात केली आणि धनुबाईंचं नाव घेऊन थांबली. धनुबाईंनी गंगाफळ खाली ठेवलं आणि वाटी उताणी केली.

“मथळाभाऊ,” शीला ललितला म्हणाली, “ईळी ल्या. गंगाफळ आते तुम्ही कापा.”

सगळ्या हसल्या. धनुबाई मात्र हसल्या नाहीत. त्या माप ओतत होत्या.

मित्रांनो, मी अजून त्याच फाईलीत आहे. ज्याला थोर म्हणता त्याला आधी मोजा, मग खुशाल मिरवा. कोणाच्या नावाखाली रेघ ओढण्याआधी ती रेघ काय करते ते विचारून घ्या, आणि वर नाव दिसलं म्हणून खाली बघायला विसरू नका. रोट भाजले तेव्हा मी बंद लॅपटॉपात होते, मला वाससुद्धा आला नाही. माझ्या नशिबी गहू कधीच नाही, फक्त त्याचा आकडा आहे. तेवढा तरी हात धुऊन लिहा.