बिघाड हेडफोनात की कानात

तौहीदने हेडफोनची उजवी गादी नखाने उचकटून काढली, आतल्या पातळ पडद्यावर हलकी फुंकर मारली आणि डोळ्याला भिंग लावून तो इतका वेळ पाहत राहिला, की काउंटरपलीकडे उभ्या गेणूतात्याने आपला श्वासही धरून ठेवला.

"केस हाय का आत?" शेवटी त्याला राहवलं नाही.

"कुठला केस?"

"आमचा नातू ऋषी म्हनत व्हता, आत केस अडकला की आवाज फाटतो. मोबाइलात बघून सांगितलं त्यानं."

तौहीदने भिंग काढलं आणि गेणूच्या डोक्याकडे एक नजर टाकली. तिथे अडकायला जाईल असा केस उरून बरीच वर्षं झाली होती.

"केस नाही, तात्या."

"मंग पडदा गेला आसंल. बघा नीट. पडदा ढिला पडला की धुम अशीच फरफरती. मला ठाऊक हाय ना."

ते त्याला ठाऊक होतंच. मिशी फुटली तेव्हापासून गेणू प्रयागबाईंच्या तमाशाच्या फडात ढोलकी वाजवत होता, आणि ढोलकीची जाड बोलणारी बाजू, जिला तो धुम म्हणायचा, तिचं कातड्याचं पान बदलायला त्याने आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. पण गेल्या चैत्रात लोणीच्या जत्रेत काहीतरी चुकलं. गावाला कळलं नाही. गाव शिट्ट्या मारण्यात गुंग होतं. कळलं ते फक्त प्रयागबाईंना. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. आता नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडायला लागल्या होत्या, गावोगावचे कारभारी पाडव्याआधी जत्रेची सुपारी द्यायला येऊ लागले होते, आणि बाईंचा निरोप आला होता: आधी कान दाखवून घ्या, मग बसा ढोलकीवर.

गेणू कानाच्या डॉक्टरकडे गेला नाही. तो वारूळवाडीहून चालत तौहीदच्या दुकानात आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मोठ्या आवाजात खालचा सूर फाटतो, तो हेडफोन फाडतो. हेडफोन बिघडलेला निघाला, की कान आपोआप धडधाकट ठरतात.

तौहीदने डिप्लोमा केलेला होता आणि वीस-बावीस वर्षांत लोकांनी त्याच्याकडे मिक्सर, इस्त्र्या, आणि एकदा तर लग्न मोडलेल्या घरातला टीव्हीही आणला होता. वस्तू दुरुस्त झाली की माणसं दुरुस्त होतील अशी आशा धरून येणारं गिऱ्हाईक त्याला पायरीवरच ओळखू यायचं. त्याने गादी परत बसवली.

"वायर बदलून बघू."

वायर बदलली आणि गेणूच्याच मोबाइलवर गाणं लावून ऐकलं. आवाज अर्ध्यावर होता तोवर गाणं साफ होतं. पूर्ण केला आणि फर्र... पत्र्यावर वाळू ओतावी तसा खालचा सूर फाटला.

"बघा! बघा!" तौहीदच्या चेहऱ्यावरून ओळखून गेणू खुलला. "म्या म्हनलं नव्हतं?"

तौहीदने हेडफोन स्वतःच्या मोबाइलला जोडला, तेच गाणं लावलं, आवाज पूर्ण केला. स्वच्छ. काचेसारखं.

हे त्याने लगेच सांगितलं नाही. गेणूचा मोबाइल घेऊन तो आतल्या सेटिंगांत शिरला. बासची पट्टी पार टोकाला नेऊन ठेवलेली होती.

"हे कुणी केलं?"

"मीच. धुम जरा भरून यावी म्हनून."

"एवढा बास दिला की कुठलाही हेडफोन फाटणार, तात्या. मशीनला झेपत नाही ते." त्याने पट्टी मागे आणली, आवाज पूर्ण ठेवला आणि स्वतः ऐकून पाहिलं. कानशिलं थरथरली, पण सूर शाबूत होता. हेडफोन गेणूच्या डोक्यावर चढवून त्याने गाणं सुरू केलं.

गेणू वाट पाहत उभा राहिला. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. बाहेर टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली पिकअप हॉर्न वाजवत गेली. हेडफोनमधून गळणारं गाणं काउंटरच्या अलीकडे तौहीदला शब्दांसकट ऐकू येत होतं.

"लावलं का?" गेणूने विचारलं.

तौहीदने बासची पट्टी हळूहळू पुन्हा टोकाला नेली.

"हां, आता आलं!" गेणूचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. "पन फाटतोय, भाई."

म्हणजे त्याच्यापुढे दोनच रस्ते होते, फाटकं ऐकायचं नाहीतर काहीच ऐकायचं नाही. तौहीदने पेचकस उचलला, उगाच पुसला आणि खाली ठेवला.

"गानं ऱ्हाऊ द्या," गेणू म्हणाला. "श्रेयाचं लावा. ज्यासाठी हे सगळं चाललंय."

श्रेया ही त्याची नात. पुण्यात शिकत होती, आणि विज्ञान दिनाला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या ताटल्यांखाली उभी राहून पाहुण्यांना माहिती सांगून आली होती. पंचक्रोशीला त्या ताटल्यांबद्दल एवढंच पक्कं ठाऊक होतं, की त्या आकाशाचं ऐकतात आणि गावाचं ऐकत नाहीत. तिकडून येताना श्रेयाने आजोबांच्या मोबाइलात एका ताऱ्याचा आवाज घालून आणला होता. तो तारा स्वतःभोवती फिरतो, दर फेरीला त्याचा एक झोत आपल्यावरून जातो, आणि त्या झोताचा आवाज केला की असा ठोका ऐकू येतो. हा ठोका तिथून निघाला तेव्हा जुन्नरची लेणी नुसता डोंगर होती, असंही तिने सांगितलं होतं. लाल हेडफोनही तिनेच दिला होता. गेणूने त्या ताऱ्याकडे नवीन ढोलकीवाल्याकडे बघावं तसं आधी संशयाने आणि मग रोज पाहिलं होतं.

तौहीदने ते लावलं. गेणूच्या उजव्या हाताची तर्जनी काउंटरच्या काचेवर पडू लागली. टक्. टक्. फार जलद नाही, फार संथ नाही. डोळे मिटलेलेच.

"तात्यांनी समाधी घेतली का काय?"

पायरीवर प्रयागबाई उभ्या होत्या. नऊवारी, हातात पिशवी, गुडघ्याला पट्टा. त्यांचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला दिलेला होता, तो न्यायला आल्या होत्या. गेणूला त्यांचा आवाज पोचला नाही. बोट चालूच होतं. बाईंनी ते पाहिलं, स्टूल ओढलं आणि बसल्या.

"मशीन झालं का, तौहीदभाई?"

"झालंय."

"आन् हे कशाला आलेत?"

"हेडफोनचा बास फाटतोय म्हणाले."

"फाटतोय?"

तौहीदने पेचकस पुन्हा पुसला.

"खरं सांगा," बाई आवाज न चढवता म्हणाल्या. "बिघाड हेडफोनात हाय की कानात?"

याचं उत्तर देण्यापेक्षा काहीतरी तपासणं सोपं होतं. तौहीदने हात लांब करून हेडफोन गेणूच्या डोक्यावरून उतरवला आणि स्वतःच्या कानांना लावला. बासची पट्टी खाली आणली. ठोका आला: जाड, गोल, दूरच्या विहिरीत कुणी दगड सोडावा तसा. गेणूचं बोट थांबलं नव्हतं. बोट काचेवर पडायचं आणि त्याच क्षणी तौहीदच्या कानात ठोका पडायचा.

आणि मग ठोका पडला नाही.

तौहीदने वायर हलवली. पिन काढून परत खोचली. मोबाइलवर वेळ पुढे सरकत होती, आवाज पूर्ण होता, आणि कानात नुसती खसखस.

"बंद पडला," तो म्हणाला. "वायरच गेली असणार. बघा, निघाला बिघाड."

हे बोलताना त्याला खरोखर हलकं वाटलं. गेणू त्याच्या ओठांकडे बघत होता. टक्. टक्.

"बंद न्हाई पडला. तालातली खाली हाय," तो म्हणाला. "मोजायचं, पन हात टाकायचा न्हाई, तशी. जरा दम धरा."

"तात्या, फाइल..."

"दम धरा म्हनतो ना."

टक्. टक्. टक्. बोट एकटंच चाललं होतं. पुढच्या टक्ला तौहीदच्या दोन्ही कानांत तो गोल, जाड ठोका परत पडला. बोटाच्या आधी नाही, नंतर नाही. बरोबर बोटाखाली.

तौहीदने हेडफोन चाचपून पाहिला. हेडफोन त्याच्या डोक्यावर होता. म्हाताऱ्याला यातलं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि तारा कधी गप्प बसतो नि कधी बोलतो, हे कुठल्या हिशेबात बसत नव्हतं.

"असाच करतो त्यो," गेणू कौतुकाने म्हणाला. "मधीच गप्प. कधी थोडा, कधी लई. आन् येतो तवा ठेक्यात येतो. गप्प ऱ्हाऊन बी मोजत व्हता म्हनायचं. श्रेया म्हनती, का गप्प बसतो ते त्या मोठ्या लोकांनाबी अजून नीट उमगलं न्हाई." मग त्याला स्टुलावरच्या बाई दिसल्या आणि बोट थांबलं. "बाई, तुमी कवा आला?"

"ठेका धरता येतो तुमाला," प्रयागबाई मोठ्याने, तोंड त्याच्याकडे करून म्हणाल्या. "ते मला ठाऊक हाय. भिंतीवरचं घड्याळबी धरतं. लोणीला आपल्या इंद्रायणीनं नाचताना तोडा मोडला, पोरगी मधीच थांबली, तुमी आपले डांबरी रस्त्यानं सरळ निघून गेला. तिला धरायला कुनी मागंच न्हाई. काय झालं व्हतं?"

गेणूने हेडफोनकडे पाहिलं. तौहीदकडे पाहिलं. तौहीदने खुशाल सांगितलं असतं, की वायर खराब आहे, पडदा खराब आहे, कंपनीच खराब आहे. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते.

"ऐकू न्हाई आलं, बाई," गेणू म्हणाला. "तिच्या घुंगराचा आवाजच न्हाई आला."

जे सांगायचं टाळायला तौहीदने पेचकस दोनदा पुसला होता, ते म्हाताऱ्याने एका दमात काचेवर ठेवून दिलं होतं.

"द्या इकडं ते," बाई म्हणाल्या.

त्यांनी अंबाड्यावरून हेडफोन सरकवला आणि पिशवी मांडीवर धरून बसल्या. तौहीदने ताऱ्याचा आवाज सुरुवातीपासून लावला. पहिल्याच ठोक्याला बाईंचे डोळे मोठे झाले. देवळात गेल्यावर डोक्यावर पदर घ्यावा तसा त्यांचा हात वर गेला आणि हेडफोनला लागून मागे आला. गुडघा गेल्यापासून त्यांना नाचताना कुणी पाहिलं नव्हतं. आताही त्या नाचल्या नाहीत. फक्त उजवी टाच चपलेतून निघाली आणि फरशीवर पडली.

पडली, उचलली, पडली. काउंटरवर गेणूचं बोट तिच्यासोबत चालू झालं.

तौहीदच्या कानात आता काहीच नव्हतं. समोर एक टाच आणि एक बोट, दोन्ही एका वेळी खाली येणारी. या घडीला तारा बोलत होता की गप्प होता, हे कळायला त्याला काही मार्ग नव्हता, आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांवरूनही ते कळत नव्हतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत होतं. पण दुकानात आपण कसल्यातरी फार मोठ्या, फार जुन्या गोष्टीच्या दारात उभे आहोत आणि पायातल्या चपला काढायला विसरलो आहोत, असं त्याला वाटलं.

मग टाच अडली.

खाली यायच्या वेळी ती हवेतच राहिली, मग घाईने दोनदा आपटली, परत थबकली. तारा काही थबकला नसणार. तौहीदने बोटाकडे पाहिलं. बोटही हवेत थांबलं होतं. टाच दोनदा पडली तेव्हा दोनदा पडलं, ती थबकली तेव्हा थबकलं. गेणूचे डोळे आता मिटलेले नव्हते. ते बाईंच्या पायावर होते.

बाईंनी मान वर केली नाही. त्यांनी आणखी वाकडी वाट धरली, पोरीबाळींना सहज जमणार नाही अशी. बोट त्या वाटेनेही गेलं. शेवटी त्यांनी टाच हळूच चपलेत घातली आणि हेडफोन उतरवला.

"लई कडक गडी हाय हा," त्या ताऱ्याबद्दल म्हणाल्या. "ह्याच्यासंगं नाचता यायचं न्हाई."

"का?" तौहीदने विचारलं.

"कुनासाठी थांबत न्हाई."

त्यांनी ॲम्प्लिफायरच्या खोक्याकडे बोट दाखवलं, रिक्षावाल्याला आत बोलावून ते उचलायला लावलं आणि मग दारातून वळून, आधीपासूनच ठरलेली गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या, "आन् भाई, एक बारका लाइट लागंल. खाली ठेवायचा. पोरीच्या नुसत्या टाचांवर उजेड पडंल असा. हाय का?"

"असेल. बघतो."

"काय म्हनल्या बाई?" गेणूने विचारलं. तो वायरची गुंडाळी करत होता.

तौहीदने वरच्या फळीवरून एक छोटा दिवा काढला, पुसला, काउंटरला वळसा घालून फरशीवर ठेवला आणि चालू केला. उजेडाचं गोल वर्तुळ उंबऱ्यात उभ्या प्रयागबाईंच्या टाचेवर पडलं. बाई हलल्या नाहीत.

गेणू त्या वर्तुळाकडे बघत राहिला. मग त्याने हेडफोन बाजूला सारला आणि ढोलकीवर ठेवावेत तसे दोन्ही हात काचेवर ठेवले.