टिड्रिकांच्या अंगणातली चेटकीण

हॅलोविनला, म्हणजे भुताखेतांच्या सणाला, अंगण सजवायला समोरच्या केसलरांनी बारा फुटी प्लास्टिकचा सांगाडा विकत आणला आणि आमच्या घरातली शांतता गेली. नवरा-बायकोने मिळून तो हिरवळीवर उभा केला, तारा जोडल्या, तसे त्याचे डोळे निळे लुकलुकायला लागले. आमचा ऑरिन कॉफीचा मग धरून खिडकीशी उभा. कॉफी निवून गेली तरी हलेना.

"पैसे फेकले की कुणीही भुतं उभी करेल," तो म्हणाला. "त्यात कसब ते काय?"

"मग तू करून दाखव," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

ऑरिन माझा नवरा. सगळा जन्म गावाचे नळ आणि पाइप दुरुस्त करण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यापासून त्याचे हात नुसते शिवशिवत असतात. त्यातून स्वभाव असा की वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करून ठेवील. आदल्या वर्षीच्या हॅलोविनला त्याने जुन्या चादरीचं भूत केलं होतं. ते वाऱ्याने उडालं ते थेट टपाल वाटणाऱ्या रोंडाच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसलं. रोंडा अजून आमच्या पेटीत पत्रं टाकताना आधी वर बघून घेते.

या वेळी चेटकीण करायचं ठरलं. अट एकच: विकत काही आणायचं नाही, आणलंच तर भंगारातून. उरलेल्या पाइपांचा सापळा झाला. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळून पोट, पाठ आणि जरासं कुबड काढलं. डोक्यासाठी दुधाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन उलटा केला. त्याची मूठ बरोबर नाकाच्या जागी आली, तेव्हा ऑरिन इतका खूश झाला की मला गॅरेजमध्ये हाक मारून बोलावलं. मग मैद्याची खळ करून वर्तमानपत्राच्या पट्ट्या थरावर थर चिकटवल्या. भांडी घासायच्या रबरी हातमोज्यांत चिंध्या कोंबून हात केले. त्या आठवड्यात माझं स्वयंपाकघर आणि कागदाचा कारखाना यांत फरक उरला नव्हता.

सगळ्यात मोठी करामत मानेत होती. भंगारवाल्याकडून ऑरिनने मोटारीच्या वायपरची जुनी मोटर आणली आणि ती मानेत बसवली. बटण दाबलं की चेटकिणीचं डोकं हळूच डावीकडे जायचं, हळूच उजवीकडे यायचं. जणू समोरच्याचं काहीएक तिला पसंत नाही.

सोमवारी सकाळी ती अंगणात उभी केली. दुपारी रोंडा आली, गाडीतूनच हात करून ओरडली, "काय हेस्टरबाई, आज इकडे कुठे?"

ऑरिनने माझ्याकडे बघितलं. मी चेटकिणीकडे बघितलं.

हेस्टर क्लेपूल. तेच लांब नाक, तीच पुढे आलेली हनुवटी, आणि मुख्य म्हणजे तेच मान हलवणं. हेस्टरबाईंनी गावातल्या निम्म्या लोकांना चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलंय. ऑरिनने साठी ओलांडलीय, पण त्या दिसल्या की अजून टोपी काढून शर्ट खोचतो. कुणाचं काहीही सांगितलं, की त्या आधी डावीकडे मान हलवतात, मग उजवीकडे. आणि त्या वर्षी आमच्या गावच्या अंगण-सजावटीच्या स्पर्धेला परीक्षक कोण? हेस्टर क्लेपूल.

"मी काही मुद्दाम नाही गं केलं, लव्हर्न!" ऑरिन कळवळून म्हणाला.

"ते मला नको सांगू. त्यांना सांग."

"नाक बदलतो. नाक बदललं की झालं."

त्याने नाक कानशीने घासून बारीक केलं. तर लग्नाच्या वयातल्या हेस्टरबाई दिसायला लागल्या. मग ते मोठं करू म्हणून खिडकीच्या फटी बुजवायचा फेस त्याने नाकावर मारला. तो फेस थोडा मारला तरी फुगतच जातो. जेवून येऊन बघतो तर नाक भोपळ्याएवढं, आणि तरीही हेस्टरबाईच, फक्त सर्दी झालेल्या. सुरीने तासता तासता नाक फिरून मूळ पदावर आलं. मग त्याने तोंडाला हिरवा रंग फासला.

शेजारचा ड्वेन कुंपणावरून डोकावला. "ऑरिन, बाईंना बरं नाही का रे? तोंड असं का दिसतंय?"

"तू तुझी पानं गोळा कर," ऑरिन खेकसला.

शेवटचा उपाय म्हणून माझा जुना चष्मा चेटकिणीच्या डोळ्यांवर चढवला. त्याबरोबर आम्ही दोघंही दोन पावलं मागे सरलो. आता ती धडा न पाठ करता आलेल्या पोराकडे बघत होती. चष्मा काढावा, तर हेस्टरबाई चष्मा काढून जास्तच रोखून बघताहेत असं वाटायचं. ऑरिन पायरीवर बसला.

"मोडून टाकतो," तो म्हणाला.

पण मोडवेना. मूर्ती खरंच झकास झाली होती. तोवर गावही लोटलं होतं. गाड्या घरासमोर यायच्या की हळू व्हायच्या, आतून हसण्याचा आवाज यायचा. समोरच्या सांगाड्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. केसलरांनी त्याला टोपी घातली, हातात झाडू दिला. काही उपयोग झाला नाही.

शनिवारी परीक्षण. हेस्टरबाई आमच्या फाटकातून आत आल्या तेव्हा ऑरिन मोटरची तार उपटून, शर्ट खोचून उभा होता. त्या चेटकिणीसमोर थांबल्या. हनुवटीपुढे हनुवटी. गल्लीतले लोक पानं गोळा करायची थांबले.

"ही हलते असं ऐकलंय," त्या म्हणाल्या.

"मोटर बिघडलीय, बाई."

"ऑरिन टिड्रिक, लहानपणी तू खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. अजून होतात. चालू कर."

त्याने तार जोडली. चेटकिणीने सावकाश डावीकडे मान हलवली, मग उजवीकडे. हेस्टरबाईंचीही मान हलली, तिच्याच तालावर. मी डोळे मिटून घेतले.

मग खुदकन हसू ऐकू आलं. डोळे उघडते तर हेस्टरबाई रुमालाने डोळे टिपताहेत.

"अरे चावटा! ही तर माझी बहीण आहे! अडा! हुबेहूब अडा!" त्यांना हसू आवरेना. "तेच नाक, तेच तोऱ्यात मान उडवणं. तुला कुठे सापडली रे ती?"

ऑरिनने अडाबाईंना उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. तो फक्त "अं..." म्हणाला. जन्मात केलेलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं.

या बहिणी दहा-बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. अडाबाईंनी जिल्ह्याच्या जत्रेत बिटाचं लोणचं ठेवलं, पहिल्या नंबराची निळी फीत जिंकली आणि कृती स्वतःची म्हणून सांगितली. ती आईची होती, आणि हेस्टरबाईंच्या मते आईने ती हेस्टरबाईंना दिली होती. तेव्हापासून सात मैलांवर राहणारी बहीण त्यांना परदेशी झाली होती.

बातमीला सात मैल काय लागतात! रविवारी प्रार्थना आटोपून मी बटाटे उकडायला ठेवले होते, तेवढ्यात एक छोटी करडी गाडी फाटकाशी थांबली. उतरल्या अडाबाई. हनुवटी आधी, बाकी अंग मागून.

"कुठाय ती माझी मूर्ती?" म्हणत त्या तरातरा चेटकिणीसमोर गेल्या. बघितलं. मान डावीकडे हलली, उजवीकडे हलली. आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की ड्वेनचा कुत्रा भुंकायला लागला.

"ही मी? अगं, ही हेस्टर! सगळ्या गावाला दिसतंय, तिला एकटीला दिसत नाही?"

नेमक्या त्याच वेळी हेस्टरबाई दोन मैत्रिणींना चेटकीण दाखवायला घेऊन आल्या. फाटकातच सगळ्या थबकल्या.

"हेस्टर."

"अडा."

चेटकीण दोघींच्या मधोमध मान हलवत होती.

"नाक बघ कुणाचंय," अडाबाई म्हणाल्या.

"बघितलं. आरशात तू बघ."

"माझं नाक सरळ आहे!"

"सरळ? शिंकलीस की समोरच्याची टोपी पडते!"

"आणि हे कुबड? हे काय मी घरून आणलं?"

"बास!" हेस्टरबाई गर्जल्या. "करणारा इथेच उभा आहे. सांग रे ऑरिन, डोळ्यांसमोर कोण होतं तुझ्या?"

दोघी त्याच्याकडे वळल्या. मागून चेटकीणही वळली. ऑरिनचे कान बिटासारखे लाल. "हेस्टरबाई" म्हणावं तर मेला, "अडाबाई" म्हणावं तर मेला. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि माझ्या नवऱ्याने, देवाशपथ सांगते, मी दारात हातात बटाटे सोलायची सुरी घेऊन उभी असताना, काय उत्तर दिलं?

"माझी सासू."

"गेलेल्या बाईची चेटकीण केलीस?" अडाबाई म्हणाल्या.

"आणि तिच्या लेकीच्या अंगणात उभी केलीस?" हेस्टरबाई म्हणाल्या.

"त्या बाईने नाताळला तुला हाताने विणलेला स्वेटर दिला होता! मला माहीत आहे!"

"बरोबर बोललीस, अडा. मी तर म्हणते, असल्यांना..."

पुढची दहा मिनिटं ऑरिनला दोन्ही बाजूंनी सपाटून बोलणी बसली. एक दम घ्यायला थांबली की दुसरी धागा पकडायची. कुणीतरी सराव करून घेतल्यासारख्या. मी मधे पडले नाही. माझ्या आईचं नाक, तुम्हाला म्हणून सांगते, बटणाएवढं होतं.

शेवटी मीच दोघींना आत बोलावलं. त्या माझ्या टेबलाशी बसल्या आणि कॉफीबरोबर निम्मा पंपकिन पाय, भोपळ्याचं गोड सारण भरलेला, संपवून गेल्या. लोणच्यात लवंग आधी की नंतर, यावर दोनदा आवाज चढला, पण कुणी उठून गेलं नाही. निघताना हेस्टरबाईंनी अडाबाईंच्या कोटाचं सुटलेलं बटण लावून दिलं आणि "थंडी वाजेल, मूर्ख" असं म्हणाल्या.

पहिलं बक्षीस केसलरांच्या सांगाड्याला मिळालं. मृत सासूची थट्टा करणाऱ्याला बक्षीस देणं आपल्या तत्त्वात बसत नाही, असं हेस्टरबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. ऑरिनने खाली मान घालून टाळ्या वाजवल्या. घरी तो आठवडाभर डब्यातलं सूप पिऊन होता, कारण माझ्याही तत्त्वात काही गोष्टी बसत नव्हत्या.

हॅलोविन संपल्यावर अडाबाईंनी चेटकीण मागून नेली. पुढच्या सीटवर बसवली, पट्टा लावला. आता ती त्यांच्या भाजीच्या वाफ्यात असते आणि हेस्टरबाई दर गुरुवारी तिकडे जातात. तिच्यावरून भांडायला, असं त्या सांगतात.

ऑरिन परवापासून पुन्हा गॅरेजमध्ये पाइप कापतोय. मी स्पष्ट सांगितलंय, यंदा काय करायचं ते कर, फक्त मुंडकं लावू नकोस.